जुन्या राजरस्त्यावरचा एक दिवस



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय कळवावा म्हणून पत्र पाठविले, तेव्हा 'जुन्या राजरस्त्यावरचा एक दिवस' एवढेच आम्ही कळविले होते. त्यावरून काही श्रोत्यांचा असा समज झाला असेल, की आज शेरशहाच्या सडकेविषयी किंवा नाणेघाटाविषयी चार गोष्टी ऐकायला मिळतील. हे रस्ते थोर आहेतच. पण आमचा रस्ता दूरचा, अमेरिकेतला. वयाने तो उणापुरा शंभर वर्षांचा आणि त्यावरून आम्ही गेलो ते घोड्यावर किंवा बैलगाडीत बसून नव्हे, तर भाड्याच्या फटफटीवर बसून. तेव्हा ज्यांची निराशा झाली असेल त्यांनी क्षमा करावी, आणि तासभर आमच्या मागे बसावे. मागच्या माणसाला कसे सांभाळायचे, हे आम्ही त्या दिवशी थोडेसे शिकलो आहोत. व्याख्यानाचा खरा विषयही तोच आहे.

प्रथम रस्त्याची ओळख करून देतो. अमेरिकेत हमरस्त्यांना नावांऐवजी क्रमांक देण्याची पद्धत ११ नोव्हेंबर १९२६ रोजी रूढ झाली. त्या दिवशी मंजूर झालेल्या रस्त्यांत शिकागोपासून लॉस एंजेलिसकडे जाणारा, ६६ क्रमांकाचा रस्ता होता. पुढे त्याचे टोक सांता मोनिका येथे, पॅसिफिक महासागराजवळ जाऊन पोहोचले. लांबी सुमारे २,४४८ मैल, म्हणजे जवळजवळ चार हजार किलोमीटर. आठ राज्यांतून तो जाई. त्यांतले कॅन्सस राज्य त्याच्या वाट्याला इतके थोडे आले होते, की जेमतेम तेरा मैलांत ते संपे.

या क्रमांकामागेही एक भांडण आहे. ओक्लाहोमातील टल्सा गावचे सायरस एव्हरी हे या रस्त्याचे मुख्य पुरस्कर्ते. त्यांना ६० हा आकडा हवा होता. कारण देश आडवा ओलांडणाऱ्या मोठ्या रस्त्यांना शून्याने संपणारे आकडे द्यायचे ठरले होते. केंटकी राज्याच्या गव्हर्नरांनाही तोच आकडा हवा. वाद विकोपाला गेला. अखेर ३० एप्रिल १९२६ रोजी एव्हरी आणि त्यांचे सहकारी मिसूरीतील स्प्रिंगफील्ड येथे बसले असता त्यांना ६६ हा आकडा मोकळा असल्याचे आढळले, आणि त्यांनी तारेने तो मागून घेतला. मानाच्या आकड्यासाठी भांडावे आणि उरलेल्या आकड्याने जगप्रसिद्ध व्हावे, असा हा प्रकार आहे.

पूर्ण रस्ता पक्का व्हायला १९३८ साल उजाडले. त्याआधीच, १९३०च्या दशकात, मध्य अमेरिकेतील शेतीवर दुष्काळ आणि धुळीची वादळे यांचा घाला पडला. मंदी होतीच. सावकाराने जमीन घेतलेली, घरात दाणा नाही, अशी लाखो माणसे मोडक्या मोटारींवर गाद्या आणि भांडी बांधून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेकने १९३९ साली त्यांच्यावर कादंबरी लिहिली आणि तीत या रस्त्याला आईची उपमा दिली. महायुद्धानंतर दिवस पालटले. पोटासाठी जाणाऱ्यांच्या जागी सुट्टीवर जाणारे आले. पेट्रोलपंप, खाणावळी आणि मोटेले उभी राहिली. आणि मग १९५६ साली अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत नव्या प्रशस्त महामार्गांचा कायदा झाला. हे नवे मार्ग गावांना टाळून जाऊ लागले. एकेक गाव सुटत गेले आणि २७ जून १९८५ रोजी ६६ हा क्रमांक सरकारी यादीतून अधिकृतपणे काढून टाकण्यात आला.

अशा या मेलेल्या रस्त्यावर आम्ही एका सप्टेंबर महिन्यात गेलो. दोघे मित्र मराठी. बाकीचे कोणी जर्मन, कोणी ब्राझीलचे, कोणी न्यूझीलंडचे. मिळून बारा फटफट्या, पुढे एक वाटाड्या, सर्वांच्या मागे त्याचा साहाय्यक आणि त्याच्याही मागे सामानाची व पाण्याची गाडी. प्रवास चौदा दिवसांचा होता. त्यातला एकच दिवस आज सांगणार आहोत, ॲरिझोना राज्यातला. कारण जे सांगायचे आहे ते सगळे त्या एका दिवसात आले होते.

सकाळी सात वाजता विल्यम्स या गावी आम्ही गोळा झालो. जुन्या रस्त्यावरचे नव्या महामार्गाने सर्वांत शेवटी वगळलेले गाव ते हेच. तारीख होती १३ ऑक्टोबर १९८४. वाटाड्या साठी ओलांडलेला, कमी बोलणारा गृहस्थ. रोज निघण्यापूर्वी तो दहा मिनिटे नियम सांगे. चालायचे दोन ओळींत, पण शेजारीशेजारी नव्हे. एकाने डाव्या अंगाला, पुढच्याने उजव्या अंगाला, म्हणजे अडचण आल्यास प्रत्येकाला बाजूला सरायला जागा राहते. आपल्याच ओळीतल्या पुढच्या गाडीपासून दोन सेकंदांचे अंतर. वळणावळणांच्या रस्त्यावर एकच रांग. डाव्या हाताच्या खुणा ठरलेल्या; पेट्रोल कमी असेल तर टाकीकडे बोट दाखवायचे. हे सगळे ऐकताना आम्हाला वारीतल्या दिंडीची आठवण झाली. तेथेही कोणी कोणाच्या पुढे जात नाही आणि क्रम मोडत नाही.

पण शेवटचा नियम आम्हाला नवा होता. वाटाड्या म्हणाला, "पुढच्याची काळजी करू नका, तो दिसतोच आहे. प्रत्येकाने आपल्या आरशात मागचा पाहायचा. तो दिसेनासा झाला, तर वेग कमी करायचा. तरी दिसला नाही, तर थांबायचे. तुम्ही थांबलात की तुमच्या पुढचा थांबेल, आणि तसे होत होत ती खबर माझ्यापर्यंत पोहोचेल." बारा माणसांना सांभाळायला ना शिट्टी लागे, ना आरडाओरडा, प्रत्येकाने आपल्या मागचा एक माणूस सांभाळला की पुरे. नियम साधा आहे, पण सभ्य गृहस्थहो, तो लक्षात असू द्यावा. त्याच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

विल्यम्सहून थोडा वेळ नव्या महामार्गानेच जावे लागते. ताशी पंचाहत्तर मैलांची मुभा, शेजारून अजस्र मालमोटारी जाताहेत, वारा छातीवर आपटतो आहे आणि पाहण्यासारखे काही नाही. असले तरी पाहायला उसंत नाही. मग क्रूकटन नावाच्या फाट्याला उजवीकडे वळलो, आणि एकदम आवाजच थांबला. दोन पदरी, ठिगळे लावलेला रस्ता, दोन्ही बाजूंना वाळलेले पिवळे गवत, शेजारून जाणारा लोहमार्ग. येथून कोलोरॅडो नदीपर्यंत सुमारे दीडशे मैल जुना रस्ता सलग शिल्लक आहे. इतका सलग तुकडा दुसरीकडे कोठेही उरलेला नाही. तो येथेच का उरला, याचे उत्तर पुढच्या गावात आहे.

ते गाव सेलिग्मन. वस्ती काही शेकड्यांची. नवा महामार्ग येथून सुरू झाला तो २२ सप्टेंबर १९७८ या दिवशी. आदल्या दिवसापर्यंत गावातून दररोज हजारो मोटारी जात. त्या दिवशी दुपारनंतर रस्ता ओस पडला. धरणात बुडणाऱ्या गावाला निदान नोटीस येते, मोबदल्याचा वाद घालता येतो. या गावाचे घर, दुकान, जमीन कशालाच कोणी हात लावला नव्हता. फक्त गिऱ्हाईक दोन मैल पलीकडून जाऊ लागले. खाणावळी बंद पडल्या, पंप बंद पडले, तरुण मुले निघून गेली.

या गावात एंजल डेलगडिलो नावाचे न्हावी होते. मेक्सिकोहून आलेल्या कुटुंबात १९२७ साली याच गावात त्यांचा जन्म झाला. त्यांचे बंधू ह्वान यांनी १९५३ साली गावात खाण्याचे दुकान काढले. थट्टेखोर स्वभावामुळे ते दूरवर प्रसिद्ध झाले. गाव ओस पडल्यावर नऊ वर्षे एंजल यांनी वाट पाहिली आणि अर्ज केले. मग फेब्रुवारी १९८७ मध्ये त्यांनी आसपासच्या गावांतील माणसे जमविली आणि जुन्या रस्त्याची संस्था स्थापन केली. मागणी एकच होती: हा रस्ता ऐतिहासिक म्हणून जाहीर करा, त्याच्यावर पाट्या लावा आणि त्याची डागडुजी करा. त्याच वर्षी ॲरिझोना राज्याने सेलिग्मन ते किंगमन हा भाग ऐतिहासिक म्हणून जाहीर केला. ते पाहून इतर राज्यांत अशाच संस्था निघाल्या. १९९९ साली अमेरिकेच्या काँग्रेसने या रस्त्याच्या जतनासाठी कायदा केला. पिक्सार कंपनीच्या माणसांनी २००६ सालच्या 'कार्स' या चित्रपटासाठी एंजल यांच्याकडून वगळल्या गेलेल्या गावाची कहाणी ऐकून घेतली, आणि मुलांच्या त्या चित्रपटातून ती जगभर गेली.

आम्ही त्या न्हाव्याच्या दुकानात गेलो. जुनी खुर्ची, आरसा, भिंतीवर जगभरच्या प्रवाशांनी डकवलेली कार्डे. आपल्याकडे गावच्या न्हाव्याला सगळ्या गावाची खबर असते असे म्हणतात. तिकडे एका न्हाव्याने गावाची खबर सगळ्या जगाला दिली. इंजिनिअर, आमदार, व्यापारी यांपैकी कोणालाही जे सुचले नाही ते त्याला सुचले. कारण रस्त्याकडे खिडकी करून दिवसभर उभे राहण्याचा त्याचा धंदा होता, आणि रस्ता रिकामा झाला हे त्याला जितके दिसले तितके दुसऱ्या कोणाला दिसले नसेल.

आता या कौतुकाला एक मुरड घालावी लागते. सेलिग्मनमध्ये आम्ही दीड तास होतो. तेथून सदतीस मैलांवर पीच स्प्रिंग्स लागते. तेथे पेट्रोल भरण्यापुरते दहा मिनिटे थांबलो. वाटाड्याचा त्यात दोष नाही; त्याच्या कार्यक्रमपत्रिकेत तेवढेच होते. पण हे गाव ह्वालापाय जमातीची राजधानी आहे आणि खरा जुना इतिहास तेथे आहे.

कारण ६६ क्रमांकाने ही वाट काही शोधून काढली नव्हती. तिच्या आधी १९१२ च्या सुमारास आखलेला मोटाररस्ता होता. त्याच्या आधी १८८३ साली आलेली आगगाडी होती. तिच्या आधी १८५७ साली लेफ्टनंट बील यांनी आखलेली छकड्यांची वाट होती. त्या मोहिमेत सैन्याने तुर्कस्तानच्या राज्यातून आणलेले उंट सामान वाहत होते, हे ऐकून आमच्या जर्मन सोबत्यांना आधी खरेच वाटेना. आणि या सगळ्यांच्या आधी मोहावी आणि ह्वालापाय लोकांच्या पायवाटा होत्या. एका झऱ्यापासून दुसऱ्या झऱ्यापर्यंत. वाळवंटात पाणी जेथे असेल तेथूनच वाट जाते. पुढचे सगळे त्यांच्याच पावलांवरून गेले.

त्या लोकांचे काय झाले? १८७४ साली सैन्याने त्यांना हाकलून दक्षिणेकडे नदीकाठच्या तळावर नेले. तेथे उष्म्याने आणि रोगाने पुष्कळ माणसे दगावली. वर्षभराने उरलेले लोक निघून परत आले, तेव्हा त्यांच्या झऱ्यांवर गुरेवाले बसले होते. १८८३ साली सरकारने त्यांना राखीव प्रदेश दिला, पण त्याच्या आतल्या जमिनीवर आणि पीच स्प्रिंग्सच्या पाण्यावर रेल्वे कंपनी हक्क सांगू लागली. पहिल्या महायुद्धात लढून आलेला फ्रेड माहोन नावाचा ह्वालापाय तरुण अर्जामागून अर्ज करीत राहिला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ डिसेंबर १९४१ या दिवशी, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, निकाल लागला. न्यायालयाने म्हटले, की पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीने मिळालेला हक्क सिद्ध करायला तहाचा कागद दाखवावा लागत नाही. पुढे जगातल्या इतर मूळ रहिवाशांच्या दाव्यांतही या निकालाचा आधार घेतला गेला. आपल्या मराठीत 'वहिवाट' हा शब्द आहे. जो वाट वापरतो त्याचा वाटेवर हक्क, एवढे मोठे तत्त्व त्यात बसले आहे. तेच तत्त्व त्या निकालात आहे. आणि तेथे आम्ही पेट्रोल भरून, थंड पाणी पिऊन पुढे निघालो.

पीच स्प्रिंग्सनंतर ट्रक्स्टन, व्हॅलेंटाइन आणि हॅकबेरी ही नावे येतात. गावे म्हणावीत की नाही असा प्रश्न पडतो. हॅकबेरीचे दुकान महामार्ग वळल्यावर १९७८ साली बंद पडले होते. बॉब वाल्डमायर या चित्रकाराने ते १९९२ साली पुन्हा उघडले. आता तेथे जुने पंप, जुन्या पाट्या आणि एक लाल मोटार ठेवली आहे. पाट्यांसमोर उभे राहून फोटो काढणाऱ्यांची गर्दी होती. आम्हीही काढले. मात्र एक गोष्ट ध्यानात आली. रस्ता पुन्हा जिवंत झाला तो १९५५ सालासारखा. १९३५ साल कोणालाच परत नको होते.

ऊन आता चढले होते. गळ्याभोवती ओला रुमाल बांधायचा. तो वीस मिनिटांत खडखडीत वाळे. डांबर इतके मऊ झालेले, की गाडीचा तिरका स्टँड त्यात रुतून गाडी कलंडेल अशी भीती. म्हणून साहाय्यकाने प्रत्येकाला एकेक चपटा ठोकलेला पत्र्याचा डबा दिला होता, तो स्टँडखाली सरकवायचा. समोरून दुसरा फटफटीवाला आला की तो डावा हात खाली सोडून दोन बोटे दाखवी. उजवा हात मुठीवर अडकलेला, म्हणून नमस्कार डाव्या हाताने. आपल्याकडे वाटेवर भेटणारे वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, ओळख लागत नाही. त्यातलाच हा प्रकार.

दुपारी किंगमनला पोहोचलो. तेथे १९०७ साली बांधलेल्या जुन्या वीजघरात या रस्त्याचे संग्रहालय आहे. बीलच्या छकड्यापासून १९५०च्या चकचकीत मोटारीपर्यंत सगळे मांडलेले. जेवताना सोबत्यांपैकी एकाने वाटाड्याला विचारले, "त्या काळी सगळेच या रस्त्याने येत असत का?" वाटाड्या काही वेळ गप्प बसला, आणि मग म्हणाला, "काळे लोक पुस्तक घेऊन येत."

हे पुस्तक म्हणजे न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातले टपालवाले व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ साली काढलेली प्रवासपुस्तिका. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावी मुक्कामाला जागा मिळेल, कोठे जेवण मिळेल, कोठे केस कापून मिळतील, याची ती यादी. तीस वर्षे ती निघत राहिली. १९६४ साली नागरी हक्कांचा कायदा झाल्यावर तिची गरज कमी झाली. या रस्त्यावरील कित्येक गावांत सूर्यास्तानंतर काळ्या माणसाने थांबू नये असा दंडक होता. म्हणून ते लोक गाडीत अंथरूण, जेवणाचा डबा आणि जादा पेट्रोल घेऊन निघत. ज्याला सगळे स्वातंत्र्याचा रस्ता म्हणतात, त्यावर काहींना भीतभीत जावे लागे. हे आपल्याला समजायला कठीण जाऊ नये. आपल्या देशात कोणाला पाणवठा खुला होता आणि कोणाला नव्हता, कोणत्या धर्मशाळेत कोणाला ओसरीपर्यंतच येता येई, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिले आहे. ज्यांनी सोसले त्यांचे वंशजही याच सभागृहात बसले असतील. जुन्या वाटेचे गोडवे गाताना ती वाट कोणाला बंद होती, हे सांगितल्याशिवाय गोडवा खरा होत नाही.

किंगमनच्या पुढे डोंगर आहे. सिटग्रीव्ह्ज खिंड साडेतीन हजार फुटांहून उंच, आणि रस्ता इतका चिंचोळा व वळणांचा, की कठडा नसलेला आपला एखादा जुना घाट आठवावा. एकच रांग धरून, दुसऱ्या गिअरमध्ये आम्ही चढलो. १९३०च्या दशकातल्या काही मोटारी हा चढ उलट्या, मागच्या गिअरवर चढत. कारण टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल आपल्या वजनाने वाहत येई, आणि नाक वर केले की ते पोहोचत नसे. घरदार मागे टाकून निघालेल्या कुटुंबाने मागे पाहत पाहत डोंगर चढावा, असे ते दृश्य असणार. या रस्त्याने ती माणसे पोटासाठी गेली, आणि आम्ही पैसे मोजून हौसेसाठी चाललो होतो, हा विचार तेथे मनात आल्याशिवाय राहिला नाही.

खिंड उतरल्यावर ओटमन लागते. सोन्याच्या खाणींचे गाव. १९४२ साली युद्धासाठी दुसऱ्या धातूंची गरज म्हणून सरकारने सोन्याच्या खाणी बंद करविल्या. पुढे दहा-अकरा वर्षांत ६६ क्रमांकाचा रस्ताही डोंगर टाळून दुसरीकडून नेला. खाणवाल्यांनी जाताना गाढवे सोडून दिली. त्यांचे वंशज आजही भर रस्त्यात उभे असतात, आणि प्रवाशांच्या खिशात तोंड घालतात. बारा फटफट्या एका गाढवापुढे थांबल्या, आणि त्याची मर्जी होईपर्यंत थांबून राहिल्या. मालक गेले, खाण गेली, रस्ता गेला. गाढवे मात्र टिकली, आणि आज त्यांच्याच जिवावर गावाचा संसार चालतो.

सायंकाळी कोलोरॅडो नदीवर आलो. पलीकडे कॅलिफोर्निया. १९१६ साली बांधलेला पांढरा कमानदार पूल अजून उभा आहे. आता त्यावरून गाड्या जात नाहीत, गॅसचे नळ जातात. निर्वासितांच्या मोटारी याच पुलावरून गेल्या. पण नदी ओलांडली म्हणजे सुटलो असे नव्हते. फेब्रुवारी १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखांनी आपले १३६ शिपाई राज्याच्या सीमेवर पाठविले आणि ज्याच्याजवळ पैसा दिसत नसे त्याला परत पिटाळण्याचा सपाटा लावला. काही आठवड्यांनी टीका झाल्यावर ते थांबले. आपल्याच देशात, आपल्याच राष्ट्राच्या नागरिकाला, खिसा रिकामा म्हणून सीमेवर अडविले गेले. संध्याकाळच्या उन्हात नदीचे पाणी फार सुंदर दिसत होते. पण हे ऐकल्यावर आमच्यातले कोणी फोटो काढायला उठले नाही.

मुक्काम नीडल्सला होता. सूर्य मावळतानाही पारा चाळीस अंशांवर. जुन्या रस्त्यावरच्या लहानशा मोटेलात उतरलो. मालकीणबाई नवसारीकडच्या, अमेरिकेतील मोटेलांचा फार मोठा हिस्सा आज गुजराती कुटुंबांच्या हाती आहे, हे आपणांस ठाऊक असेल. आम्ही आपसात मराठी बोलताना ऐकून त्या हसत पुढे आल्या. बालपण गिरगावात गेलेले; मराठी मोडकेतोडके, पण गोड. चहा झाला. आम्ही विचारले, "बेन, इतक्या उन्हाच्या, आडबाजूच्या गावी कशा आलात?" त्या म्हणाल्या, "भाऊ, रस्ता ओस पडला होता, म्हणूनच तर मोटेल स्वस्तात मिळाले. चालता रस्ता आमाला कोण देणार? नवरा-बायको आम्हीच, चादरी आम्हीच धुवायच्या, गल्ल्यावर आम्हीच बसायचे." मग थोडे थांबून म्हणाल्या, "सुरुवातीला समोरच्या मोटेलवाल्याने पाटी लावली होती, 'मालक अमेरिकन' म्हणून. प्रवासी ती वाचून तिकडे जात. आता तो गेला. त्याची खोलीपण आमीच झाडतो."

त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण दिवसभरात जे पाहिले ते त्या दोन वाक्यांत जुळून आले. ह्वालापाय, निर्वासित शेतकरी, पुस्तक घेऊन जाणारा काळा प्रवासी, सेलिग्मनचा न्हावी आणि ही नवसारीची बाई: रस्ता सगळ्यांना सारखाच भेटत नाही. कोणासाठी तो घर हिरावून नेतो, कोणाला घर मिळवून देतो. त्याने एकदा पाठ फिरवली की काही उठून जातात, आणि कोणी त्याच ओसाडीत संसार थाटतो.

श्रोतेहो, आता आपल्या घराकडे वळू. पनवेलहून कोकण आणि गोव्यातून थेट कन्याकुमारीकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग, त्याच्या बऱ्याचशा भागाचा क्रमांक पूर्वी १७ होता. २०१० साली देशातील महामार्गांची नवी मोजणी झाली तेव्हा त्याला नवा आकडा मिळाला, आणि तो आहे ६६. हा केवळ योगायोग. पण त्या रस्त्याच्या रुंदीकरणात कशेडी घाटाला बोगदा झाला, गावांना बाहेरून वळसे पडले, नाक्यानाक्यावरचे चहावाले, भजीवाले, काजू-कोकमवाले पुलाखाली राहिले, हा योगायोग नव्हे. बोरघाटाच्या जुन्या रस्त्याचेही २००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाल्यावर असेच झाले.

आमचे म्हणणे नवे रस्ते नकोत असे मुळीच नाही. घाटात गाडी उलटून ज्यांची माणसे गेली, प्रसूतीसाठी निघालेली बाई ज्यांची वाटेत अडली, त्यांना जाऊन विचारा. अमेरिकेतही जुन्या रस्त्यावर इतके अपघात होत, की लोक त्याला 'रक्ताळलेला सहासष्ट' म्हणत. वेग हा काही शत्रू नाही. प्रश्न वाटाड्याच्या नियमाचा आहे: पुढे जाताना आरशात मागचा दिसतो आहे की नाही?

नवा महामार्ग ज्यांनी आखला त्यांच्या नकाशात आरसा नव्हता. सेलिग्मनला नऊ वर्षे कोणी वळून पाहिले नाही. पाहिले ते गावानेच, स्वतः उठून. म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, वळसा आखताना जे गाव सुटणार त्याला आधी सांगावे आणि त्याचे ऐकावे. जमिनीचा मोबदला मिळतो, मोडलेल्या धंद्याचा मिळत नाही, याचा विचार व्हावा. दुसरी, जुना रस्ता सोडून देऊ नये. तो गावाचा रस्ता म्हणून नीट राखावा, त्याच्या कडेची वडाची झाडे तोडू नयेत, जुने मैलाचे दगड उपटू नयेत. ॲरिझोनात एवढ्याने आठ-दहा गावे जगली. आणि तिसरी सूचना आपल्यासारख्या, उन्हाळ्यात संध्याकाळी व्याख्यानाला येणाऱ्या मंडळींसाठी आहे. आपल्या गावच्या वाचनालयात एक वही ठेवावी. जुन्या रस्त्यावर कोठे पाणपोई होती आणि ती कोणी घातली, कोणता नाका कशासाठी प्रसिद्ध होता, मोटार सुरू होण्यापूर्वी बैल कोठे सोडीत, हे म्हाताऱ्या माणसांना विचारून त्यात लिहून ठेवावे. आणि कोणाला कोठे पाणी नाकारले जाई, कोणाची जमीन रस्त्याखाली गेली आणि मोबदला कोणाच्या हाती पडला, हेही लिहावे. ते सांगायला लोक कचरतील. म्हणून अधिक आस्थेने विचारावे. गोड तेवढेच लिहिले, तर आपले जतनही हॅकबेरीच्या लाल मोटारीसारखे फोटोपुरते होईल.

सेलिग्मनच्या माणसांजवळ पैसा नव्हता, सत्ता नव्हती. एक खुर्ची, एक आरसा आणि दाराबाहेरचा रस्ता एवढेच होते. त्यावर त्यांनी एक मेलेला रस्ता उठवून उभा केला. आपल्याकडे तर रस्ता अजून जिवंत आहे, आणि त्यावरची माणसेही आहेत. तेव्हा वेळ गेलेली नाही.